दादाला टीबी, माझा आकडा ४.८२ अन् आईचा ०.४१ : जास्त असलेला चांगला का कमी?

बालाघाटची_ताई

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातली, अंगणवाडी सेविका. एकवीस वर्षं झाली लेकरांची वजनं करतेय, दंडावरचा बीसीजीचा वण बघून वहीत खूण करतेय. टीबी हा शब्द मला काही नवा नाही. तरी घरात आला तेव्हा दोन दिवस मी शेजारणीलासुद्धा सांगितलं नाही, हे आधीच कबूल करते.

दादा आणि वहिनी ऊसतोडीला जातात. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. यंदा सांगलीकडं होते. जानेवारीपासून दादा खोकायला लागला. मुकादम म्हणाला, पाचटाचा धुरळा हाय, होतंच. उचल फिटायची होती म्हणून बाटलीतलं औषध पीत त्यानं हंगाम काढला. पाडव्यानंतर गावी आला तेव्हा सदरा खांद्यावरून घसरत होता. मीच डबीत बेडका घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. ट्रूनॅट नावाच्या मशीनवर टीबी निघाला. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे म्हणाले, तेवढं एक बरं. आता गोळ्या चालू आहेत, लघवी केशरी होतेय, भाकर मागून खायलाय. त्याची काळजी मला आता तितकी नाही.

प्रश्न आम्हा बाकीच्यांचा आहे. घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे काढले, साफ आले. मग माझा मुलगा (लातूरला बीएस्सीला आहे, म्हणून घरात सगळ्यात शहाणा तोच) म्हणाला, रक्ताची इग्रा टेस्ट करू. एका खाजगी लॅबमध्ये तिघींनी रक्त दिलं. माझा आकडा ४.८२, पॉझिटिव्ह. आईचा ०.४१, तरी पॉझिटिव्ह. वहिनीच्या कागदावर नुसतं 'इनडिटरमिनेट'.

आता मला सांगा, आई दादाच्याच खोलीत झोपते. माझं सासर-माहेर एकाच गावात असलं तरी मी दोन गल्ल्या पलीकडं राहते. मग माझा आकडा तिच्या दहा-बारापट कसा? वहिनी तर अख्खा हंगाम कोपीत त्याच्या शेजारी झोपली, तिचा काहीच का नाही? कागदावर 'इंटरफेरॉन गॅमा' लिहिलंय. मुलगा म्हणतो इंटरफेरॉन म्हणजे शरीराचं हत्यार, त्याच्या मित्राच्या वडिलांना काविळीत त्याचीच इंजेक्शनं दिली होती, म्हणून जास्त आहे ते चांगलंच. शेजारचे म्हणतात जास्त म्हणजे रोग जास्त. दोघांचं ऐकून माझी झोप गेली. आणि ते हत्यारच असेल तर दादाला त्याचं इंजेक्शन का देत नाहीत?

डॉक्टरांनी 'गोळ्या सुरू करू' एवढंच सांगितलं. रांग मोठी होती, मीही जास्त विचारलं नाही.

सोयाबीन_१२

आमच्या पाहुण्याचा ९ च्या वर आला होता. जितका आकडा मोठा तितके जंतू जास्त, सरळ हिशेब आहे. तुमच्या आईचं काही नाही, तुम्ही मात्र लवकर बघा.

नळ्यांचा_मामा

ताई, आधी वरच्या भावाचं खोडतो, मग तुमच्याकडं येतो. भाऊ, त्या नळीत जंतू मोजतच नाहीत. तिथं जंतू नसतोच. मी लॅब टेक्निशियन म्हणून एकतीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं मराठवाड्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये हीच टेस्ट लावायचो. डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं शेवटचं तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. पण नळीत काय होतं ते मला माझ्या हातासारखं माहीत आहे.

रक्त चार नळ्यांत घेतात, प्रत्येकीत एक मिली. टोपणं राखाडी, हिरवं, पिवळं, जांभळं. राखाडी नळी रिकामी. हिरव्या आणि पिवळ्या नळीच्या आतल्या भिंतीला टीबीच्या जंतूच्या दोन प्रथिनांचे तुकडे लावलेले असतात, ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. जांभळीत असं काही असतं की कुठलीही जिवंत टी पेशी, म्हणजे रक्तातली राखणदार पांढरी पेशी, खवळलीच पाहिजे. रक्त घेतलं की प्रत्येक नळी दहा वेळा वरखाली करायची, आतली सगळी भिंत रक्तानं माखली पाहिजे. मात्र ताक घुसळल्यासारखी नाही, तळातली जेल फुटते आणि आकडे बिघडतात. मग ३७ अंशांवर १६ ते २४ तास उबवायच्या. तुमच्या रक्तातल्या टी पेशींनी आयुष्यात कधी टीबीचा जंतू पाहिला असेल, तर त्या भिंतीवरचे तुकडे ओळखतात आणि रात्रभर इंटरफेरॉन गॅमा सोडतात. दुसऱ्या दिवशी आम्ही वरचा पिवळसर द्रव काढून त्यातला गॅमा मोजतो. मोजताना खाचेत आधी निळा रंग येतो, थांबवणारं आम्ल टाकलं की तो पिवळा होतो. पिवळा जितका गडद तितका गॅमा जास्त. राखाडी नळीचा आकडा वजा करायचा. उरलं ते ०.३५ किंवा त्याच्या वर गेलं की, एखाददुसरी अट सोडली तर, पॉझिटिव्ह.

म्हणजे तुमचा ४.८२ काय सांगतो? ओळख पटली, एवढंच. कधी पटली ते सांगत नाही. जंतू आत्ता जिवंत आहे का मेला, हेही सांगत नाही. ताई, तुम्ही एकवीस वर्षं अंगणवाडीत आहात, शंभर घरांत जाऊन आलात. ती ओळख दादाकडूनच झाली असंही छातीठोक म्हणता येणार नाही, पंधरा वर्षांपूर्वीची असू शकते. आणि तुमची पेशी जोरात ओरडते, आईची हळू, यात वयाचा भाग असतो, साखरेचा असतो, रक्त उबवायला किती उशीर झाला याचाही असतो. आईचंच रक्त पुढच्या आठवड्यात परत दिलं तर ०.३ येईल किंवा ०.६ येईल, मला दोन्हीचं नवल वाटणार नाही. काठावरचे आकडे असे हलतात. म्हणून भावानं 'आईचं काही नाही' म्हटलं ते मला खटकलं. ०.४१ वाल्या म्हातारीला पुढं टीबी होईल आणि ४.८२ वालीला जन्मात होणार नाही, असंही घडतं.

आता वहिनी. त्यांची जांभळी नळी उठली नसणार. खवळायलाच पाहिजे अशी नळी गप्प बसली, तर हिरवी-पिवळी गप्प आहे याला अर्थच उरत नाही, म्हणून 'इनडिटरमिनेट', म्हणजे टेस्टच फसली. कधी माणूस इतका खंगलेला असतो की पेशींत जोर नसतो, एचआयव्हीत तसं होतं. पण पुष्कळदा दोष नळीच्या प्रवासाचा असतो. एक सांगतो. एका मे महिन्यात संध्याकाळी अकरा जणांच्या नळ्या मी उबवायला लावून घरी गेलो. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर बंद पडलेला कुणी सांगितलाच नव्हता. सकाळी बघतो तर इन्क्युबेटरचा काटा २९ वर. अकराच्या अकरा जांभळ्या मऊ पडलेल्या. मी म्हणालो, सगळ्यांना परत बोलवा, खर्च आपला. मालक म्हणाले, मशीननं जे दिलं ते छापा. त्या दिवशी आमचं वाजलं. सहा लोक परत आले, बाकीच्यांच्या हातात 'इनडिटरमिनेट' पडलं आणि त्यातला एक मला महिन्यानं बाजारात भेटून विचारत होता की हा टीबीच्या पुढचा रोग आहे का. तेव्हा वहिनींची टेस्ट परत करा, आणि केजहून रक्त कुठल्या गाडीच्या डिकीतून किती वाजता गेलं ते विचारा. सोळा तासांच्या आत उबवायला लागलं पाहिजे, आणि तोवर उन्हातही नको, फ्रीजमध्येही नको.

बीसीजीचा वण तुमच्या सगळ्यांच्या दंडावर आहे, त्यानं ही टेस्ट फसत नाही. काल्मेत आणि गेराँ यांनी फ्रान्समध्ये लील गावी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं गाईच्या टीबीचा जंतू बटाट्यावर पुन्हा पुन्हा वाढवून, २३० वेळा, ती लस केली. त्या प्रवासात जंतूच्या वहीतलं, म्हणजे त्याच्या जनुकांतलं, एक पान गळालं. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० त्याच पानावर होते. हातात सुई टोचून करायच्या जुन्या मॅन्टू टेस्टला हा फरक कळत नाही, बीसीजीवरही हात सुजतो.

मुलाच्या प्रश्नाला त्याचा मान देतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. टीबीचा जंतू भामटा आहे. मॅक्रोफेज नावाची पेशी त्याला गिळते, एका पोटलीत घालते, आणि त्या पोटलीत आम्ल सोडून त्याला जिरवायचं असतं. हा आम्ल येऊच देत नाही. चुलीवर भांडं आहे, जाळ नाही. तो जाळ लावायचा हुकूम म्हणजे गॅमा. टी पेशी तो सोडते, मॅक्रोफेज ऐकते, पोटली आंबट होते, नायट्रिक ऑक्साइडसारखी जहरं तयार होतात. १९९३ मध्ये गॅमाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना टीबी दिला, ते भराभर मेले. माणसांतला पुरावा १९९६ चा, माल्टा बेटावरच्या एका कुटुंबातली लेकरं. त्यांच्या पेशींना गॅमाचा हुकूम ऐकू येणारा कानच जन्मतः नव्हता. इतरांना ज्यांचं काही होत नाही असे मातीपाण्यातले जंतू त्या लेकरांच्या अंगभर पसरले. त्याच वर्षी फ्रान्समधून असंच एक बाळ कळवलं गेलं, त्याचा घात तर साध्या बीसीजीच्या लशीनं केला.

मग जास्त गॅमा म्हणजे जास्त राखण? लोकांनी तसंच धरलं होतं. दक्षिण आफ्रिकेत २७९७ बाळांवर एमव्हीए८५ए नावाच्या लशीची चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला. लस घेतलेल्या बाळांत गॅमा सोडणाऱ्या पेशी वाढल्या, पण टीबी काही अडला नाही. नसेल तर मेलो, पण जास्त आहे म्हणून वाचलो असं नाही. मिठासारखं समजा. उंदरांत तर फुप्फुसात गॅमा फार झाला की फुप्फुसच जळतं असंही दिसलंय.

इंजेक्शनाचं म्हणाल तर तोही प्रयोग झाला. १९९७ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या पाच रुग्णांना गॅमाची वाफ दिली, थुंकी तात्पुरती साफ झाली, मोठी बातमी झाली. पुढं मोठी चाचणी लावली ती फायदा दिसेना म्हणून बंद केली. दादाला चार औषधांची गोळी लागू पडतेय, त्याला वाफेची गरज नाही.

अजून एक, कारण ते माझ्या मनावर आहे. इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा रोग असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आणि निगेटिव्ह म्हणजे रोग नाही असंही नाही. पूर्वी आम्ही टीबीचं 'आयजीजी-आयजीएम' करायचो, रक्तातली प्रतिपिंडं. ती टेस्ट निकामी होती. २०१२ मध्ये सरकारनं बंदी घातली. त्याआधी माझ्या सहीनं किती माणसं उगी सहा महिने गोळ्या खात बसली असतील, याचा हिशेब मी करत नाही.

बालाघाटची_ताई

मामा, लई उपकार. वहिनीच्या नळ्या आमच्या गावच्या पोरानं दुपारी दोनला मोटारसायकलच्या डिकीत नेल्या होत्या. मेच्या उन्हात. मी स्वतः त्याला पिशवी दिली होती.

पण एक अडतंय. मुलगा तुमचं वाचून म्हणाला, मग काविळीत देतात ते वेगळं का? इंटरफेरॉन एक आहे का दोन? आणि दादाच्या अंगातही हुकूम सुटतच असेल ना, मग त्याला का झाला रोग? त्यानं काय पाप केलं होतं?

पूर्णाकाठ

ताई, मी परभणीकडचा, सध्या पुण्यात याच विषयाजवळ पीएचडी करतोय, म्हणून तोंड घालतो. मामांनी नळीचं इतकं छान सांगितलंय की मी फक्त दुसऱ्या इंटरफेरॉनचं सांगतो.

इंटरफेरॉन हे एकाचं नाव नाही, भावकीचं आहे. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर मेलेला फ्लूचा विषाणू घातला. त्या पडद्यानं काहीतरी सोडलं, आणि ते दुसऱ्या पडद्याला लावलं तर जिवंत विषाणूही तिथं वाढेना. विषाणूच्या कामात आडकाठी, इंटरफिअरन्स, म्हणून इंटरफेरॉन. ते आजचे अल्फा आणि बीटा, 'टाइप वन'. काविळीत दिलं ते अल्फा. गॅमा १९६५ मध्ये सापडला, तोही विषाणू अडवताना दिसला म्हणून त्याच आडनावात घुसला. प्रत्यक्षात त्याची पेशी वेगळी, कान वेगळा, काम वेगळं. टीबीत तर हे दोन भाऊ एकमेकांच्या बांधावर उभे असतात.

मामांनी गळालेल्या पानाचं सांगितलं ना, त्याच पानावर जंतूचं एक यंत्र लिहिलेलं असतं, ईएसएक्स-१. ईसॅट-६ त्याच यंत्रातून बाहेर पडतं. या यंत्रानं जंतू मॅक्रोफेजच्या पोटलीला भोक पाडतो. भोकातून जंतूचा डीएनए पेशीच्या आतल्या अंगणात सांडतो. पेशीला वाटतं, अंगणात परका डीएनए म्हणजे विषाणूच, आणि ती विषाणूची बोंब मारते, इंटरफेरॉन बीटा. आमच्याकडं भुईमुगात रानडुक्कर घुसलं आणि कुणी तरी ओरडलं की विहिरीत माणूस पडला, तर सगळे गडी दोर घेऊन विहिरीकडं पळणार. डुकराचं फावलं. बीटा-अल्फाच्या बोंबेनं आयएल-१ नावाचा कामाचा निरोप दबतो, आयएल-१० नावाचा 'शांत व्हा' असा निरोप वाढतो, आणि मॅक्रोफेजला गॅमाचा हुकूम कमी ऐकू येतो. बीसीजीत हे पानच नाही, त्यामुळं ती पोटली फोडू शकत नाही. लस सौम्य का आहे आणि तिच्या वणानं मामांची टेस्ट का फसत नाही, दोन्हीचं उत्तर एकाच गळालेल्या पानात आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन एकटाच फेऱ्या मारल्या होत्या.

माणसांत हे २०१० मध्ये दिसलं. ॲन ओ'गारा यांच्या गटानं लंडन आणि केपटाऊनच्या रुग्णांचं रक्त तपासलं. रोग झालेल्यांच्या रक्तात ३९३ जनुकांची एक ठेवण सापडली, आणि तिच्यात इंटरफेरॉननं पेटणाऱ्या जनुकांचा, त्यातही टाइप वनचा, ठसा ठळक होता. तोही टी पेशींपेक्षा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत जास्त. नुसता संसर्ग असलेल्या, तुमच्यासारख्या, बहुतेकांत तो नव्हता. फुप्फुस एक्स-रेत जितकं खराब तितका ठसा गडद, आणि औषधांनी तो पुसत गेला. म्हणून मुलाला सांगा, 'जास्त म्हणजे चांगलं' आणि 'जास्त म्हणजे वाईट' ही भांडणं कुठला इंटरफेरॉन हे न विचारता चालली आहेत. काविळीसाठी अल्फाची इंजेक्शनं घेताना दबलेला टीबी उफाळल्याच्या नोंदीही आहेत. तरी टाइप वनला सरसकट खलनायक ठरवू नका, गॅमा नसलेल्या उंदरांत त्यानं थोडी राखण केल्याचंही दिसलंय.

दादाचं पाप काही नाही. संसर्ग झालेल्या दहा जणांत आयुष्यभरात फार तर एकाला रोग होतो, आणि त्या एकाच्या अंगी काय आलं ते आपल्याकडं पुष्कळदा पोटाशी येऊन थांबतं. पोट खपाटीला गेलं की टी पेशी कमी पडतात, हुकूमच क्षीण निघतो. झारखंडमध्ये 'रॅशन्स' नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला माणशी तांदूळ आणि तुरीची डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. नुसत्या एवढ्यावर घरच्यांतला नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. माझ्या प्रयोगशाळेतला कुठलाही रेणू अजून इतकं करू शकलेला नाही. लातूरच्या बाजारातली डाळ लातूरच्याच तोडकऱ्याच्या ताटात किती असते, हे तुम्ही वजनकाट्यावर रोज बघता.

सोयाबीन_१२

माझं चुकलं मंडळी. मग ऊन भरपूर घ्यावं का? व्हिटॅमिन डी नं टीबी जातो असं एका व्हिडिओत होतं.

पूर्णाकाठ

भाऊ, धागा खरा आहे. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये गॅमाचा हुकूम अमलात यायला डी लागतं. म्हणून मंगोलियात आठ हजारांवर शाळकरी मुलांना तीन वर्षं डी दिलं, तिथं बहुतेकांत ते फार कमी असतं. टीबीचा संसर्ग काही कमी झाला नाही. ऊन आपल्याकडं फुकट आहे, घ्या, पण गोळीच्या जागी नको.

कोयता_पाथर्डी_रोड

ताई, मी तोडणीतला. इंटरफेरॉन बिंटरफेरॉन मला कळत न्हाई, पर तीन साल मागं मलाबी झालता. हे ध्यानात ठिवा. दादाला दसऱ्यानंतर परत जायचं आसंल तर जायच्या आधी दवाखान्यात सांगा, निक्षय आयडी असतो, सरकारी टीबी नोंदणीचा नंबर, त्याच्यावर नाव दुसऱ्या जिल्ह्यात बदलून मिळतं, गोळ्या तिकडं मिळत्यात. मी न सांगता गेलो अन् वीस दिवस गोळ्या बुडाल्या. परत आलो तर पुन्हा थुंकी पॉझिटिव्ह, परत सगळं पहिल्यापासून. महिन्याला हजार रुपये खात्यावर येत्यात खुराकाचे, खात्याला आधार जोडलेलं हाय का बघा, माझे चार महिने त्याच्यातच गेले. अन् कोपीत झोपताना तोंड दाराकडं. वहिनीला सांगा.

बालाघाटची_ताई

सगळ्यांचं वाचून दाखवलं घरात. दादा बाजेवर बसून ऐकत होता. डुकराचं ऐकून हसला, किती महिन्यांनी हसला. म्हणाला, म्हणजे मी खोकायलो तवा माझ्या आत सगळे विहिरीकडं पळाल्ते. गोळ्या एप्रिलअखेरीस सुरू झाल्या, म्हणजे सहा महिन्यांचा त्याचा कोर्स दसऱ्यानंतर, ऑक्टोबरअखेरीस संपतोय, म्हणून आयडीचं मी लिहून ठेवलंय.

वहिनीचं रक्त यावेळी मी तिला घेऊन थेट लॅबवर जाऊन दिलं. नळ्या वरखाली करताना मोजत होते, पोरगी आठवर थांबली, मी म्हटलं अजून दोन. ती माझ्याकडं बघतच राहिली. जांभळी उठली. वहिनी पॉझिटिव्ह, २.१७. तिला वाटलं माझ्यापेक्षा कमी म्हणजे ती जिंकली, मग मामांचं परत वाचून दाखवावं लागलं.

तिघींना आता प्रतिबंधाच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. आईचं एकच म्हणणं आहे, वार कोणता धरायचा. गुरुवारी तिचा उपवास असतो, एकादशी कुठल्याही वारी येते, आणि रविवारी ती म्हणते सुट्टीच्या दिवशी औषध नको. मामा, उपाशीपोटी चालतात का या? आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट करून निगेटिव्ह झालं का बघायचं का?

नळ्यांचा_मामा

परत टेस्ट करू नका. ओळख पुसत नाही, बहुतेकांची पॉझिटिव्हच राहते, पैसे वाया. गोळी जेवल्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नको, अंगात नीट उतरत नाही. वार सोमवार धरा, एकादशी सोमवारी आली तर त्या दिवशी आईला साबुदाण्याची खिचडी खायला घालून द्या, पांडुरंग चालवून घेईल. आई साखरेच्या गोळ्या खाते का ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही. खात असेल तर ती चिठ्ठी डॉक्टरांना आधी दाखवा, या गोळ्यांनी साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. डोळे पिवळे, जेवण नको, उलटी, असं काही झालं तर पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि लॅबमधल्या त्या पोरीला माझा नमस्कार सांगा.